घरच्या कारखान्यांतील गाडी



इतिहासाच्या शिक्षकानें मोटारीवर बोलावें हें आपणांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. राज्यें, तह आणि लढाया सोडून हा गृहस्थ लोखंडी नळ्यांच्या नादीं कोठें लागला, असा प्रश्न मला माझ्या घरींहि विचारला गेला आहे. त्याचें कारण अगदीं साधें आहे. लातुरांतील आमच्या घराच्या मागच्या अंगणांत, पत्र्याच्या एका पडवींत, गेलीं दोन वर्षें एक गाडी घडत आहे. घडविणारा माझा पुतण्या. मी केवळ नळी धरणारा आणि प्रश्न विचारणारा. या गाडीस छत नाहीं, दारें नाहींत, कांचा नाहींत. नळ्यांचा पिंजरा, दोन आसनें, चार मोठीं चाकें आणि पाठीमागें इंजिन, एवढाच तिचा संसार. डांबरी सडकेशीं तिला कर्तव्य नाहीं. नांगरट, नाल्याचें पात्र, माळाचा चढ आणि पावसाळ्यांतील चिखल हेंच तिचें क्षेत्र. पश्चिमेकडे अशा गाडीस बग्गी म्हणतात. आपल्याकडे बग्गी म्हटली कीं घोडे डोळ्यांपुढें येतात, म्हणून आपण तिला रानबग्गी म्हणूं.

ही गाडी घडत असतां माझ्या मनांत एक प्रश्न आला. स्वतःची गाडी स्वतःच्या दारांत घडविण्याचें हें वेड आपल्या मुलखांत नवें आहे कीं जुनें? आणि जुनें असेल, तर तें मध्येंच लोपलें कां? या प्रश्नाचा मागोवा आज मी आपणांपुढें ठेवणार आहें.

शंभर वर्षांपूर्वीं हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. कारण त्या काळीं गाडी गांवच्याच कारखान्यांत होत असे. सुतार आणि लोहार हे गांवचे बलुतेदार. बाभळीच्या लांकडाचा तुंबा, त्यांत बसविलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि त्या सर्वांस आवळून धरणारी लोखंडी धाव, अशी चाकाची रचना. यांत धाव बसविण्याचें काम मोठ्या कसबाचें. धाव चाकाच्या घेराहून किंचित् लहान ठेवीत. गोवऱ्यांच्या आगींत ती लाल होईपर्यंत तापवीत. तापल्यानें लोखंड प्रसरण पावे आणि धाव चाकावर चढे. मग तिच्यावर पाणी ओतीत. थंड होतांना ती आकसे आणि सारे सांधे असे घट्ट आवळी कीं चाक एकजीव होऊन जाई. गाडी करणारा आणि वापरणारा एकाच शिवारांत राहत. चाक मोडलें, तर तें कोठें आणि कां मोडलें हें करणाऱ्यास दुसऱ्याच दिवशीं कळे आणि चार माणसांत ऐकून घ्यावें लागे. कारागिरीस याहून कडक परीक्षा नाहीं. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. पुढें तिची गरज लागणार आहे.

या बैलगाडीशीं बाहेरच्या वाहनांनीं टक्कर देणें सोपें नव्हतें, याचें कारण आपली माती. मांजरा, तेरणा, मन्याड आणि गोदावरी यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तिच्यावरील कच्ची वाट पहिल्या दोन पावसांतच लोण्यासारखी होते. जड वाहन तेथें रुततें, हलकें वाहन कसेंबसें निभावतें. हें तत्त्व ओळखणारा पहिला यंत्रज्ञ म्हणून मला एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज गृहस्थाचें नांव घ्यावेंसें वाटतें. त्याची अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं बार्शी रोड, म्हणजे आजचें कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत धांवूं लागली आणि १९११ सालीं लातुरास पोहोंचली. इंजिन असो वा डबा असो, कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं नये आणि भार सर्व आंसांवर सारखा वांटला जावा, हा त्याचा मुख्य नियम. त्यामुळें हलक्या रुळांवरून त्याच्या गाड्या बराच माल ओढूं शकल्या. भार कमी करावा आणि तो नीट वांटावा, हा धडा लातुरास शतकापूर्वींच मिळालेला आहे.

पुढें १९३२ सालीं निझामाच्या सरकारी रेल्वेनें २७ बसगाड्यांनिशीं मोटार-वाहतुकीस आरंभ केला. परंतु बस सडकेवर थांबे. सडकेपासून गांवापर्यंतचे जे दोन कोस उरत, ते पायीं किंवा बैलगाडीनेंच तोडावे लागत. मोटारीच्या इतिहासांत हे उरलेले दोन कोस फार महत्त्वाचे आहेत. जगांतील प्रत्येक रानगाडी या दोन कोसांसाठींच जन्मास आली, असें म्हटलें तरी चालेल.

अशा गाड्यांत पहिली जगप्रसिद्ध गाडी म्हणजे जीप. १९४० च्या जुलैंत अमेरिकेच्या सैन्यानें १३५ कारखान्यांस पत्रें धाडलीं: हलकी, चारहि चाकांस शक्ति देणारी गाडी पाहिजे, आणि तिचा नमुना ४९ दिवसांत हजर करावा. मोठमोठ्या कारखान्यांनीं पाठ फिरविली. पेनसिल्व्हेनियांतील बटलर गांवचा बॅन्टम हा डबघाईस आलेला लहानसा कारखाना मात्र पुढें सरसावला. कार्ल प्रॉब्स्ट नांवाच्या अभियंत्यानें दोन दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर रोजीं, मुदत संपण्याच्या सुमारास, गाडी सैन्याच्या तळावर जाऊन उभी राहिली. पुढें विलीज आणि फोर्ड यांनीं ती सहा लाखांहून अधिक संख्येनें बनविली आणि बॅन्टम मागें पडला. नमुना लहानानें घडवावा आणि उत्पादन मोठ्यानें करावें, हा प्रकार आपणांस या इतिहासांत पुन्हां पुन्हां दिसेल.

१९४५ सालीं महिंद्र बंधु आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनीं एक कंपनी काढली. १९४७ पासून तिनें विलीज जीपची जुळणी सुरू केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानांत अर्थमंत्री झाले आणि १९४८ सालीं कंपनीस महिंद्र आणि महिंद्र हें नांव मिळालें. त्याच वर्षीं १७ सप्टेंबरला निझामी राजवट संपली. त्यानंतर मराठवाड्यांत जीप आली ती बहुधा सरकारी अंमलदारास घेऊन. पण तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट आली: लोहारास समजेल असें यंत्र. पाट्यांच्या कमानी, सरळ चौकट, उघडे बोल्ट. नांदेड-लातूरच्या मिस्त्र्यांनीं ती खोलली, जोडली, पुन्हां खोलली. बलुतेदाराचा भाता विझत असतांना गॅरेजाची भट्टी पेटत होती, असें मला वाटतें.

याच सुमारास इचलकरंजीस एका मराठी माणसानें याच्याहि पुढची मजल मारली. शंकरराव कुलकर्णी यांचें शिक्षण सातवीपर्यंतचें. सामान्य कुटुंबास परवडेल अशी लहान मोटार स्वतः करावयाची, असा ध्यास त्यांनीं १९४५ सालीं घेतला आणि १९४९ सालीं दोन माणसांची पहिली गाडी उभी केली. तिचें नांव मीरा. पुढें सुमारें वीस वर्षें ते एकामागून एक सुधारलेले नमुने करीत राहिले. पोलादी कमानींच्या जागीं रबर वापरून त्यांनीं गाडी हलकी ठेवली. १९७० च्या सुमारास त्यांचा शेवटचा नमुना तयार झाला, तेव्हां ही गाडी सुमारें बारा हजार रुपयांत देतां येईल असा त्यांचा हिशेब होता. परंतु तो परवान्यांचा काळ होता. कोणी काय बनवावें आणि किती बनवावें हें दिल्लींत ठरे. मीरा रस्त्यावरून धांवली, लोकांनीं तिचें कौतुक केलें. पण तिचा कारखाना कधींच उभा राहिला नाहीं. लहान मोटार सामान्यांच्या दारीं आली ती १९८३ च्या डिसेंबरांत, मारुति ८०० च्या रूपानें, जपानी आराखड्यावर. गंमत अशी कीं, आमच्या रानबग्गीचें काळीज त्याच मारुतीच्या एका मोडीत निघालेल्या गाडींतून आलें आहे.

आतां या बग्गीचें मूळ सांगतों. कॅलिफोर्नियांत ब्रूस मायर्स नांवाचा एक कारागीर होडया बांधण्याच्या धंद्यांत होता. त्यानें १९६४ सालीं होडीप्रमाणें कांचतंतूंचें एक हलकें अंग साच्यांत ओतलें आणि त्यास फोक्सवॅगन बीटलचीं चाकें व इंजिन जोडलें. त्या इंजिनाचे दोन गुण होते. तें हवेनें थंड होई, म्हणून पाण्याची टांकी व नळ्या यांची यातायात नव्हती. आणि तें पाठीमागें, गाडी ढकलणाऱ्या चाकांजवळ बसे. चाकावर वजन असेल तर चाक वाळूंत नुसतें गरगरत नाहीं, पकड घेतें. म्हणून दोनच चाकांस शक्ति असूनहि ती गाडी चारचाकी शक्तीच्या जड गाड्यांना भारी पडे. १९६७ सालीं मायर्स आणि टेड मँगल्स यांनीं ला पाझ ते तिहुआना हें मेक्सिकोंतील रानवाटांचें अंतर ३४ तास ४५ मिनिटांत तोडलें आणि मोटारसायकलस्वारांचा जुना विक्रम मोडला. त्यानंतर गाडीस मागणी वाढली आणि तिच्या नकलाहि सर्वत्र निघाल्या. मायर्सनें न्यायालयांत दाद मागितली, पण त्याचा हक्क टिकला नाहीं. बॅन्टमची गोष्ट पुन्हां एकदां घडली. तरी एक गोष्ट कायम झाली: जुन्या मोटारीचीं आंतडीं काढून घरच्या पडवींत रानगाडी करतां येते, हें जगास कळलें.

आमच्या पडवींतहि हीच युक्ति आहे. फक्त मारुतीचें इंजिन पुढें असतें आणि पुढचींच चाकें ओढतें. त्या गाडींत इंजिन, गिअर-पेटी आणि चाकांस फिरविणारे दोन दांडे हा एकच संच आहे. तो संच उचलून जशाचा तसा मागें बसविला कीं मागचीं चाकें ढकलूं लागतात आणि वजनहि त्यांच्यावर येतें. पण येथें एक मेख आहे. तीं चाकें मुळांत वळणारीं होतीं. मागें नेल्यावर त्यांचें वळणें कायमचें बंद केलें पाहिजे. त्यासाठीं प्रत्येक चाकास एक घट्ट दांडी जोडून ती चौकटीशीं बांधावी लागते. ही दांडी सुटली, तर गाडीचें मागचें चाक मन मानेल तिकडे वळेल.

आणि आमच्या गाडीची ती सुटली. अहमदपुराकडे, बालाघाटच्या उतारावर, नात्यांतील एका शेतांत आम्ही गाडीची परीक्षा घेत होतों. वेग फारसा नव्हता. एका दगडावर मागचें उजवें चाक आपटलें, दांडीचा जोड उखडला, चाक आडवें झालें आणि गाडी कुशीवर पडली. पिंजऱ्यानें डोकीं वांचविलीं. पुतण्याच्या गळ्याचें हाड मात्र मोडलें. दवाखान्यांत तो मला म्हणाला, "काका, जोड तर मोत्यांच्या ओळीसारखा दिसत होता." आणि तें खरेंच होतें. त्या जोडाचें कौतुक मींहि केलें होतें.

पुढच्या आठवड्यांत तो उखडलेला तुकडा मीं आमच्या गल्लींतील एका वृद्ध लोहारमामांस दाखविला. तरुणपणीं त्यांनीं शेंकडों गाड्यांच्या धावा बसविल्या आहेत. त्यांनीं चष्मा वर करून तो तुकडा उजेडांत धरला आणि म्हणाले, "मास्तर, वरून गुळगुळीत अन् आतून कच्ची हाय ही. धाव लाल झाल्याबिगर चाकावर बसत नसती." अर्थ स्पष्ट होता. विजेच्या जोडकामांत वरचें लोखंड वितळून सुंदर ओघळलें होतें, पण खालच्या जाड पट्टीच्या अंगांत तें मुरलेंच नव्हतें. प्रवाह कमी पडला होता. दोन धातु एकमेकांवर बसले होते, एकमेकांत मिसळले नव्हते.

या अपघातानंतर मला आणखी एका माणसाची आठवण झाली. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे हें यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव. तेथील दत्तात्रय लोहार यांनीं मुलाच्या हट्टापायीं मोडीच्या सामानांतून एक छोटी जीप केली. खर्च सुमारें साठ हजार रुपये. सुरू करावयास मोटारसायकलीसारखी लाथ मारावी लागे. डिसेंबर २०२१ मध्यें आनंद महिंद्र यांनीं तिचें जाहीर कौतुक केलें. त्याच वेळीं त्यांनीं हेंहि लिहिलें कीं, ही गाडी नियमांत बसत नसल्यानें अधिकारी आज ना उद्यां ती थांबवतील; म्हणून तिच्या बदल्यांत आपण बोलेरो देऊं. जानेवारी २०२२ मध्यें लोहार कुटुंबानें बोलेरो घेतली. ती बातमी वाचून मला आनंद झाला होता आणि थोडा रागहि आला होता. ज्याच्या आडनांवांतच भाता आणि ऐरण आहे, त्याच्या हातची गाडी रस्त्यावर कां चालूं नये? शंकररावांची मीरा अडली, लोहारांची जीप अडली. हा केवळ कागदाचा जुलूम आहे, असें मी घरांत तावातावानें बोललों होतों.

गळ्याचें हाड मोडल्यावर मला तसें बोलतां येईना. या दोन गोष्टी मीं एकाच मापानें मोजल्या होत्या, ही माझी चूक होती. शंकररावांस जें नाकारलें गेलें, तो कारखाना काढण्याचा परवाना. त्याचा गाडीच्या गुणदोषांशीं संबंध नव्हता. तो अडथळा १९९१ नंतर बहुतांशीं दूर झाला आहे. लोहारांपुढें होता तो दुसराच नियम. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें नोंदणीवांचून गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणतां येत नाहीं, आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें नव्या गाडीचा नमुना मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेली मोटार-संशोधन संस्था ही त्यांपैकीं एक. तेथें पाहतात तें हेंच: ब्रेक पकडतो कीं नाहीं, जोड टिकतो कीं नाहीं. माझ्या पुतण्याचा जोड तेथें पहिल्याच दिवशीं उघडा पडला असता. रस्त्यावर दुसऱ्यांचींहि मुलें चालतात, हें विसरून चालणार नाहीं.

मग कारागिरानें हात बांधून बसावें काय? माझें उत्तर तसें नाहीं. आपली तपासणी मुख्यतः एका आराखड्यावरून हजारोंनीं निघणाऱ्या गाड्यांसाठीं बेतलेली आहे. एकट्या माणसाच्या एकट्या गाडीस तिचा खर्च आणि खटाटोप पेलत नाहीं. इंग्लंडांत यावर तोड काढली आहे. तेथें १९९८ पासून एकेक गाडी स्वतंत्र तपासून रस्त्यावर येऊं देण्याची व्यवस्था होती. २००९ पासून ती नव्या रूपांत चालूं आहे. घरीं केलेली गाडी घेऊन मालक तपासनिसापुढें उभा राहतो. दोष निघाल्यास घरीं जाऊन तो दुरुस्त करतो आणि पुन्हां येतो. आपल्याकडेहि विद्यार्थ्यांपुरती अशी एक वाट उघडली आहे. १९७६ सालीं अमेरिकेंत दक्षिण कॅरोलिनाच्या विद्यापीठांत सुरू झालेली 'बाहा' स्पर्धा २००७ पासून भारतांत होऊं लागली, आणि इंदुराजवळील पीथमपूर येथें महाराष्ट्रांतील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ आपापल्या रानबग्ग्या घेऊन उतरले. तेथें शर्यतीपूर्वीं तपासणी असते. चारहि चाकें एकदम थांबल्यावांचून गाडीस मैदानांत पाऊल टाकूं देत नाहींत. हरणाऱ्या संघांतला मुलगासुद्धां आपला जोड कां तुटला हें शिकून घरीं जातो.

म्हणजे गांवच्या लोहारास शिवारानें जी परीक्षा दिली, ती आज तपासनिसानें घ्यावयाची आहे, इतकेंच. ती परीक्षा नको म्हणणें कारागिराच्या हिताचें नाहीं. पण तिचें दार फक्त मोठ्या कारखान्यांस उघडें ठेवणें हेंहि देशाच्या हिताचें नाहीं. किल्लारीच्या भूकंपांत, गोदावरीच्या पुरांत, किनवट-माहूरच्या डोंगरांतील पावसाळ्यांत ते शेवटचे दोन कोस आजहि उरतात. तेथें पोहोंचणारी हलकी, स्वस्त, गांवांतच दुरुस्त होणारी गाडी आपल्यांतलाच कोणी करील, असा माझा विश्वास आहे. त्याला तपासणीसाठीं कोठें जावयाचें एवढें तरी सांगतां आलें पाहिजे.

पुतण्याचें हाड आतां सांधलें आहे. तो पुन्हां पडवींत बसूं लागला आहे, पण त्याची रीत बदलली आहे. प्रत्येक मुख्य जोडापूर्वीं तो त्याच जाडीच्या दोन तुकड्यांचा एक नमुना-जोड करतो, शेगड्यांत आवळतो आणि घणानें वांकवून तोडावयास पाहतो. गेल्या रविवारीं लोहारमामा स्वतः पाहावयास आले होते. त्यांनींच घण उचलला. सात-आठ घाव बसले. पट्टी वांकून दुहेरी झाली. जोड मात्र सुटला नाहीं. मामांनीं घण खालीं ठेवला आणि पाणी मागितलें.

गाडीस अजून पाटी नाहीं आणि ती शेताच्या बांधापलीकडे जात नाहीं. जेव्हां जाईल, तेव्हां तपासनिसापुढें उभी राहूनच जाईल, असें आम्हीं ठरविलें आहे.